बालकांचे लसीकरण वेळापत्रक आणि लसींच्या सुरक्षिततेचा वाद : मिठबाव किनारपट्टीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

देवगड तालुक्यातील मिठबाव, तांबळडेग, कुणकेश्वर ही समुद्रकाठची गावे नकाशात सिंधुदुर्ग जिल्ह्यात असली, तरी त्यांचा अर्धा संसार मुंबईत असतो. शिमगा, मे महिना आणि गौरी-गणपती या तीन वेळांना चाकरमान्यांनी घरे भरतात. मुंबईस दिलेल्या मुली बाळंतपणासाठी माहेरी येतात आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर परत जातात. त्यामुळे माता-बाल संरक्षण कार्डावरील पहिल्या नोंदी गावच्या आरोग्यसेविकेच्या हस्ताक्षरात आणि पुढच्या नोंदी शहरातील खासगी बालरोगतज्ज्ञाच्या शिक्क्याने झालेल्या असणे, ही या भागात सहज घडणारी गोष्ट होय. दोन्हीकडील लसींची संख्या वेगळी, तारखाही थोड्या वेगळ्या. येथूनच पालकांच्या मनात प्रश्न उभे राहतात. खरे वेळापत्रक कोणते? दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी तीन सुया सोसतील काय? शासन दर काही वर्षांनी तक्ता बदलते, म्हणजे आधीचा चुकीचा होता काय?

या प्रश्नांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकण्याची सवय आपल्या सुशिक्षित वर्गाला आहे, आणि ती योग्य नाही. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ‘लस सुरक्षित आहे काय’ आणि ‘ती केव्हा द्यावी’ हे दोन प्रश्न वादात स्वतंत्रपणे मांडले जातात, परंतु वस्तुतः ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पुष्कळ लसींच्या बाबतीत वेळ हाच सुरक्षिततेचा एक भाग असतो.

तारखांमागील तर्क

भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून तक्त्यात सतत भर पडत गेली. महाराष्ट्रात पंचगुणी लस २०१५ मध्ये, रोटाव्हायरसची लस २०१९ मध्ये आणि न्यूमोकोकल लस २०२१ मध्ये शासकीय कार्यक्रमात आली. यांपैकी न्यूमोकोकल लस त्याआधी कित्येक वर्षे खासगी दवाखान्यांत पैसे मोजून मिळत होती. शासकीय आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा असे दोन तक्ते भिन्न का, याचे उत्तर या उदाहरणात आहे. शासनाला रोगाचा एकूण भार, खर्च आणि शीतसाखळीची क्षमता पाहावी लागते. संघटना समोरच्या एका बालकाचा विचार करते. गालगुंडाची लस शासकीय तक्त्यात नाही व खासगी तक्त्यात आहे, याचा अर्थ दोघांपैकी एक चुकतो आहे असा होत नाही.

गोवराच्या लसीचे वय मात्र सविस्तर पाहण्यासारखे आहे. नवजात बालकाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे काही महिने टिकतात. ती बाळाचे रक्षण करतात, पण लसीतील जिवंत व क्षीण केलेल्या विषाणूलाही निष्प्रभ करतात. लस फार लवकर दिली तर ती वाया जाते. फार उशिरा दिली तर आईचे संरक्षण संपून लसीचे सुरू न झालेल्या पोकळीत बाळ सापडते. नवव्या महिन्यात दिलेल्या मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांत प्रतिकारशक्ती निर्माण होते. वर्षानंतर दिल्यास हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. तरीही आपल्याकडे नववा महिना निवडला जातो, कारण येथे गोवर वर्षाच्या आतील बालकांनाही गाठतो आणि त्या वयात तो अधिक घातक असतो.

आता साधे गणित करू. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात, १२ ते १८ जणांना बाधित करतो. हा आकडा १५ धरला, तर साथ थोपविण्यासाठी सुमारे ९३ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. नवव्या महिन्यात गावातील प्रत्येक बालकाला लस दिली, एकही सुटले नाही, तरी १५ टक्के बालके असुरक्षितच राहतात. म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानची दुसरी मात्रा अपरिहार्य ठरते. तिला बोलीत ‘बूस्टर’ म्हटले जाते व त्यामुळेच ती टाळण्याकडे कल होतो. प्रत्यक्षात ती पहिल्या मात्रेने ज्यांना काहीच लाभ झाला नाही त्यांच्यासाठी असते, आणि ते कोण हे कार्ड पाहून कळत नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व लगतच्या वस्त्यांत गोवराची साथ पसरली. कोविडच्या काळात खंडित झालेले लसीकरण हे तिचे एक प्रमुख कारण होते. त्या वेळी केंद्र शासनाने साथग्रस्त भागांत नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना एक जादा मात्रा देण्याचा विचार करण्यास राज्यांना सांगितले. आणि जेथे नऊ महिन्यांखालील रुग्ण एकूण रुग्णांच्या दहा टक्क्यांहून अधिक होते, तेथे सहा महिन्यांपासूनच लस देण्याची शिफारस केली. ही सहाव्या महिन्यातील मात्रा नेहमीच्या दोन मात्रांत मोजली जात नाही. आईच्या प्रतिपिंडांमुळे ती काही अंशी वाया जाणार हे ठाऊक असूनही ती दिली गेली, कारण साथीत तराजूचे दुसरे पारडे जड झाले होते. वेळापत्रक बदलते म्हणजे ते खोटे ठरते, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य अभ्यासावा.

‘सुया विभागून द्या’ या मागणीचा विचार

सहाव्या आठवड्यात शासकीय तक्त्यानुसार पंचगुणी, न्यूमोकोकल आणि अंशमात्रेतील इंजेक्शनची पोलिओ लस अशी तीन इंजेक्शने आणि पोलिओ व रोटाव्हायरस यांच्या तोंडावाटे द्यावयाच्या मात्रा दिल्या जातात. बाळाच्या शरीरावर हा भार होईल, ही भीती स्वाभाविक आहे. पाश्चात्त्य लेखनात तिला असे उत्तर दिले जाते की, आजच्या सर्व लसींत मिळून जुन्या एकट्या देवीच्या लसीपेक्षाही कमी प्रथिने असतात. हे उत्तर आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. आपल्या पंचगुणी लसीत डांग्या खोकल्याचा संपूर्ण मृत जिवाणू असतो व त्यात हजारोंनी प्रतिजने असतात. टोचल्यानंतर पुष्कळ मुलांना ताप येतो, मांडी दुखते, ती याचमुळे. श्रीमंत देशांत वापरली जाणारी निष्पेशी लस सौम्य आहे, पण तिचे संरक्षण लवकर ओसरते. हा व्यवहार पालकांना स्पष्ट सांगावा; ‘काही होत नाही’ असे सांगून पाठविलेल्या आईचे बाळ रात्री तापले की पुढच्या मात्रेला ती येत नाही.

वेळ पुढे ढकलल्याने काय होते याचा धडा जपानने दिला आहे. १९७४-७५ च्या हिवाळ्यात डांग्या खोकल्याच्या लसीनंतर तेथे दोन बालके दगावली. शासनाने लसीकरण थांबविले व पुढे सुरू करताना वय दोन वर्षांवर नेले. पालकांचा विश्वास उडाला होताच. १९७४ मध्ये ३९३ रुग्ण व एकही मृत्यू नव्हता. १९७९ मध्ये १३ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४१ मृत्यू झाले. या आजाराने मुख्यतः लहान अर्भके मरतात आणि लस नेमकी त्या वयातून काढून घेतली गेली होती. मात्र त्याच देशाने त्या आक्षेपातून निष्पेशी लस विकसित करून १९८१ मध्ये वापरात आणली, हेही नमूद केले पाहिजे. आक्षेप निष्फळ नव्हता. त्यावर योजलेला उपाय घातक होता.

रोटाव्हायरसचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेली पहिली लस आतड्यात आतडे शिरण्याच्या विकारामुळे १९९९ मध्ये मागे घेण्यात आली. हा विकार निसर्गतःही होतो आणि त्याचे प्रमाण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून वाढते. म्हणून आजच्या लसींचीही पहिली मात्रा सहाव्या आठवड्यातच देण्यावर भर असतो. येथे ‘बाळ जरा मोठे होऊ द्या’ हा प्रेमळ सल्ला धोका कमी करण्याऐवजी वाढविणारा ठरतो.

लसीतील पाऱ्याविषयीची आणि गोवर-गालगुंड-रुबेला लसीमुळे स्वमग्नता येते ही शंका येथे थोडक्यात आटोपता येईल. बहुमात्रा कुप्यांतील थायोमर्सलमधील इथिल पारा शरीरातून त्वरेने बाहेर पडतो. साठणारा मिथिल पारा वेगळा, आणि तो माशांतून येतो, हे मासळीवर जगणाऱ्या किनाऱ्याने तरी ध्यानात घ्यावे. स्वमग्नतेचा संबंध सुचविणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधील निबंध त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

‘नंतर’ आणि ‘मुळे’

या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न तार्किक आहे, आणि त्याचा इतिहास मुंबईशी निगडित आहे. हाफकिन यांनी प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्रथम स्वतःस टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे ही लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सर्व १९ जणांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, या बाबीला महत्त्व मिळून ते निर्दोष ठरेपर्यंत १९०७ साल उजाडले. मृत्यू खरे होते, लसीकरणामुळेच झाले होते, तरी लस सदोष नव्हती. हा भेद करण्यास पाच वर्षे लागली.

आज लसीकरणोत्तर प्रतिकूल घटनांचे पाच वर्गांत विभाजन केले जाते : लसीच्या गुणधर्मामुळे, लसीच्या दर्जातील दोषामुळे, लसीकरणातील चुकीमुळे, भीतीमुळे आणि योगायोगाने घडलेल्या. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले, ही तिसऱ्या वर्गातील घटना. बालके सुदैवाने वाचली. पहिल्या वर्गाचे ठळक उदाहरण तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लसीचे आहे. तिच्या सुमारे २७ लाख पहिल्या मात्रांमागे एका बालकास लसीमुळेच पक्षाघात होतो. भारतातील अखेरचा नैसर्गिक पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळल्यानंतर हा धोका तुलनेने मोठा दिसू लागला. म्हणूनच २०१५ मध्ये इंजेक्शनची लस आली व २५ एप्रिल २०१६ रोजी थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला.

‘योगायोग’ हा वर्ग लोकांना पळवाट वाटतो. त्यासाठी एक स्थूल हिशेब मांडतो. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात दर हजार जन्मांमागे २८ बालके वर्षाच्या आत दगावत. त्यांपैकी २० पहिल्या चार आठवड्यांत, उरलेली ८ पुढच्या अकरा महिन्यांत. वर्षाला अडीच कोटी जन्म आणि त्या अकरा महिन्यांत लसीकरणाच्या चार भेटी धरल्या, तर टोचण्याच्या सुईत निव्वळ पाणी असते तरी भेटीनंतरच्या २४ तासांत देशभर सुमारे २,४०० मृत्यू झाले असते. आजारी बाळाला सहसा लसीला आणत नाहीत, त्यामुळे खरा आकडा कमी असणार. पण तो शून्य असणार नाही, आणि प्रत्येक मृत्यूच्या घरी आठवण राहते ती सुईचीच. कोणता मृत्यू कोणत्या वर्गातील, हे शवविच्छेदन, कुपीचा क्रमांक आणि त्याच कुपीतील लस मिळालेल्या इतर बालकांची तपासणी यांवाचून सांगता येत नाही. चौकशीआधीच ‘योगायोग’ म्हणणारा अधिकारी आणि चौकशीआधीच ‘लसीने मारले’ म्हणणारा शेजारी हे दोघे एकच चूक करतात. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या जेकब पुलियल खटल्यातील निकालात, कोविड लसीसंदर्भात, सक्तीने लस टोचता येणार नाही असे सांगतानाच, नागरिकांना व खासगी डॉक्टरांना प्रतिकूल घटना नोंदविता येतील अशी खुली व्यवस्था करण्याचे निर्देश दिले. सक्तीविषयीचा भाग वृत्तपत्रांतून गाजला. नोंदणीविषयीचा अधिक महत्त्वाचा होता.

किनाऱ्यावरील उणीव

लहान गावात वेळ चुकण्याचे कारण दरवेळी विरोध हेच असते असे नाही. गोवर-रुबेलाची लस बहुमात्रा कुपीत येते आणि पातळ केल्यावर चार तासांत वापरावी लागते. उरलेली टाकून द्यावयाची असते, अन्यथा तिच्यात जंतू वाढतात. सत्राला एकच बालक आले तर कुपी फोडावी की त्याला पुढच्या महिन्यात बोलवावे? एका बालकासाठीही फोडावी, असा नियम आहे. पण वाया गेलेल्या मात्रांचा हिशेब द्यावा लागणाऱ्या सेविकेचा हात अडखळू शकतो. त्यातच आंब्याच्या हंगामात बागांतून राहणारी नेपाळी कुटुंबे आणि नौकांवरील परप्रांतीय कामगार यांची मुले कोणत्याच गावच्या यादीत नीट बसत नाहीत. गणपतीत मुंबईहून आलेला एखादा तापलेला मुलगा आरतीला उभा राहतो, तेव्हा गोवराला नेमकी हीच मुले सापडतात.

मात्रा चुकलेल्या पालकांना बहुधा वाटते की आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि त्या संकोचाने ते सत्राला येतच नाहीत. प्रत्यक्षात मालिका जेथे थांबली तेथून पुढे चालू करता येते. बीसीजी वर्षापर्यंत देता येते. पंचगुणीची पहिली मात्रा वर्षाच्या आत मिळालेली असल्यास उरलेल्या नंतर पूर्ण होतात. गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत व त्रिगुणी सात वर्षांपर्यंत देता येते. कार्ड मुंबईत राहिले असेल तर त्याच्या छायाचित्रावरूनही मागील तारखा कळतात, आणि तेवढ्यावर आरोग्यसेविका पुढची मात्रा ठरवू शकते.