ऊन, विडी आणि मूत्रपिंड



राजस्थानच्या वाळवंटात मे महिन्यात तुकडी सांभाळली आहे. पाणी, मीठ, सावली, प्रत्येकाची शिस्त होती. धूम्रपानाची मात्र नव्हती. मी स्वतः दिवसाला दहा सिगारेटी ओढायचो. ऊन आणि धूर यांचा संबंध काय, ते आज पाहू.

फेरुच्चो रितोस्सा हे इटलीतले संशोधक. त्यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी फळमाश्यांच्या पेशी ठेवलेल्या पेटीचं तापमान वाढवलं आणि गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. हे १९६२ साली प्रसिद्ध झालं. पुढे कळलं की उष्णतेनं प्रथिनांची घडी बिघडते, म्हणून पेशी खास रक्षक प्रथिनं बनवते. त्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात.

आता गंमत बघा. ऊन अजिबात नसताना पेशीत कॅडमियम गेलं, तरी हेच रक्षक धावून येतात. कारण हा धातू प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो आणि त्यांची घडी बिघडवतो. म्हणजे शत्रू दोन, पहारेकरी तेच.

कॅडमियम मुख्यतः मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं व्हायलाच १० ते ३० वर्षं घेतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं. लोकांची मूत्रपिंडं बिघडली, हाडं ठिसूळ झाली. दुखण्यानं कण्हणाऱ्यांवरून रोगाचं नाव पडलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. जपान सरकारनं कारण मान्य केलं १९६८ साली.

आपल्याकडे रोजची वाट तंबाखूची. हे झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत ओढून घेतं. धुरातून ते फुप्फुसात आणि तिथून रक्तात जातं. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातला साठा इतरांच्या साधारण दुप्पट असतो. अंगात लोह कमी असेल, तर अन्नातलं कॅडमियमही जास्त शोषलं जातं. घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासा, ते यासाठीही.

कडक उन्हात रक्त त्वचेकडे वळतं, घामानं पाणी जातं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. ज्या मूत्रपिंडात आधीच कॅडमियम बसलंय, त्यावरच हा दुसरा भार.

मी सिगारेट सोडून अठरा वर्षं झाली. तरी तेव्हाचा बराच साठा अजून आत असेल. तो धुऊन काढणारं खात्रीचं औषध नाही. नवी भरती थांबवणं मात्र आपल्या हातात आहे. उन्हात काम करणाऱ्या तुमच्या माणसाला पाण्याची बाटली द्याल, तेव्हा त्याच्या खिशातली विडी मागून घ्या.

जय हिंद!