हुकलेले स्टेशन

मळवलीला उतरणारा माणूस एरवी कार्ले-भाज्याची लेणी पाहायला जातो. १९७१ साली मात्र तेथे रॉक संगीताची 'स्नेहयात्रा' भरली होती! आम्ही लोणावळ्याचे, मळवली पुढचेच स्टेशन. पण "हिप्प्यांच्या जत्रेत पाऊल टाकायचे नाही," असे वडिलांनी बजावले आणि मी मुकाट्याने घरी बसलो.

परवा भाच्याने त्याच जमान्यातल्या मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'ची एकुलती एक तबकडी ऐकवली : 'ऑब्सेशन ७७'. (नावात सत्त्याहत्तर, निघाली १९८१ साली!) उसन्या चाली अंमळ जास्तच. पण शीर्षकाच्या रचनेत गिटार अशी करवतीसारखी चालते, की हातातला चहा निवून गेला. त्या काळचे बहुतेक वादन हवेत विरले. हे एवढे उरले.

"मामा, पुन्हा लावू?"

"लाव. जरा मोठ्याने लाव."