यंत्रमागाच्या शहरात कानांची तपासणी

श्रवणचाचणी म्हणजे वेगवेगळ्या पट्टीचे आवाज किती हळू असतानाही कानाला ऐकू येतात, याची मोजणी. सुई नाही, वेदना नाही. साधारण अर्ध्या तासात ती आटोपते. तरीही बहुतेक लोक ती घरच्यांच्या तक्रारी वाढल्यावरच करून घेतात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात हा उशीर फार महाग पडतो.

साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो. प्रत्येक फेकीला ठोका बसतो आणि एका गाळ्यात असे अनेक माग एकाच वेळी चालतात. नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. चालू मागांमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यांच्या नियमांनी ९० डेसिबलची मर्यादा ८ तासांसाठी धरली आहे. भिवंडीत मागावरची पाळी मात्र अनेकदा १२ तासांची असते.

एवढ्या आवाजाचा मारा आतल्या कानातील कॉक्लिया या शंखाच्या आकाराच्या अवयवावर होतो. तिथल्या सूक्ष्म केसपेशी ध्वनिलहरींचे मज्जातंतूंच्या संदेशांत रूपांतर करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने पहिले नुकसान होते ते ३००० ते ६००० हर्ट्झ या उंच पट्टीत, विशेषतः ४००० हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे सुरुवातीला बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने निसटतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही तक्रार इथूनच सुरू होते. कानात सतत शिट्टीसारखा आवाज येणे हेही एक लक्षण आहे.

चाचणीला जाण्यापूर्वी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहावे. पाळी संपवून थेट गेल्यास थकलेला कान तात्पुरते कमी ऐकतो आणि निकाल चुकतो. मागकामगाराने त्यामुळे सुटीनंतरची, कामावर जाण्याआधीची वेळ घ्यावी. काम किती वर्षांचे, कान फुटला होता का, कोणती औषधे चालू आहेत, घरात कोणाला बहिरेपणा आहे का, हे तपासणाऱ्याला सांगावे. काही प्रतिजैविके आणि क्षयरोगावरील काही इंजेक्शने कानाला अपाय करू शकतात.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी दुर्बिणीने कान पाहतात. मळ साचला असेल तर तो काढतात, कारण केवळ मळानेही ऐकणे कमी होते. मग कंपनकाटा वाजवून दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या, याचा अंदाज घेतात.

मुख्य चाचणी ऑडिओमेट्री. ती ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ध्वनिरोधक खोलीत घेतात. कानावर हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेका कानात सोडले जातात. सूर ऐकू आला की बटण दाबायचे किंवा हात वर करायचा. आवाज हळूहळू कमी होत जातो. अगदी पुसट ऐकू आला तरी खूण करायची. अंदाजाने मात्र करायची नाही. नंतर कानामागच्या हाडावर कंपक ठेवून तीच मोजणी होते. हाडावाटे नीट ऐकू येते, पण हवेवाटे कमी, असे दिसल्यास दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो आणि त्यावर बहुधा उपचार होऊ शकतात. दोन्ही वाटांनी सारखेच कमी ऐकू येत असेल, तर आतला कान किंवा श्रवणतंतू दुबळा झालेला असतो.

निकालाच्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. खूण जितकी खाली, तितके ऐकणे कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत चांगल्या कानाची सरासरी २० डेसिबलच्या आत असेल तर श्रवण सामान्य, २० ते ३५ सौम्य दोष, ३५ ते ५० मध्यम आणि त्यापुढे तो तीव्र होत जातो. गोंगाटाने बिघडलेल्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी ठळक खाच दिसते. बोलणे अजून ठीक कळत असतानाच ही खाच सापडते, हेच या चाचणीचे खरे मोल.

गरजेनुसार शब्द ऐकवून ते म्हणायला लावतात, किंवा कानात हवेचा हलका दाब बदलून पडदा व मधला कान तपासतात. बटण दाबू न शकणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी ओएई आणि बेरा या चाचण्या आहेत. बाळ झोपेत असतानाही त्या होतात.

गोंगाटाने गेलेले ऐकणे औषधाने परत येत नाही. उरलेले जपता येते आणि श्रवणयंत्राने मदत मिळते. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत १९८३ पासून वाचा व श्रवणदोषांवर काम चालते. एका कानाचे ऐकणे अचानक गेले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उशिरा उपचारांचा गुण कमी येतो.

कायद्यात गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची व्यावसायिक रोग म्हणून नोंद आहे. म्हणून प्रत्येक अहवाल जपून ठेवावा. कामावर लागताना एकदा आणि पुढे दरवर्षी चाचणी व्हावी. कापसाचा बोळा पुरेसा ठरत नाही. कानात नीट बसणारे इअरप्लग किंवा कानावरचे मफ हवेत. मागमालकांनी ते द्यावेत, कामगारांनी पूर्ण पाळीभर वापरावेत आणि आलेखात खाच दिसली, तर त्या कामगाराला कमी आवाजाचे काम द्यावे.