भयपटांतील वस्तूंच्या घरगुती प्रतिकृति



चॉकलेटचें सरबत, दोन डॉलरांच्या आंत विकत घेतलेला एक रबरी मुखवटा, वाटाण्याचें घट्ट सार आणि टाकाऊ वीजसामान! भयपटांच्या इतिहासांत ज्या वस्तूंनीं प्रेक्षकांची गाळण उडविली, त्यांपैकीं कांहींची ही खरीखुरी यादी आहे. ज्या वस्तु मुळांतच स्वयंपाकघरांतून किंवा खेळण्यांच्या दुकानांतून निघाल्या, त्यांच्या प्रतिकृति घरीं करतां येतात यांत नवल तें कोणतें? अमेरिकेंत या छंदाला साठ वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. आपल्याकडेही ज्या घरांत बारा-पंधरा वर्षांचें चौकस मूल आहे, तेथें हा नाद केव्हां शिरेल याचा नेम नाहीं. तेव्हां हीं कामें कशीं साधतात, त्यांत विचार करण्यासारखें काय आहे, आणि खरी इजा कोठें होऊं शकते, याविषयीं आज बोलण्याचें मीं योजिलें आहे.

रक्तापासूनच आरंभ करूं. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ हा बोलपट १९६० सालीं प्रदर्शित झाला. त्यांतील स्नानगृहांतल्या खुनाचा प्रसंग जेमतेम पाऊण मिनिटाचा, परंतु त्याच्या चित्रणास सात दिवस लागले. न्हाणीच्या पांढऱ्या टबांतून वाहत जाणारें रक्त म्हणजे चॉकलेटचें सरबत होतें. चित्रपट कृष्णधवल, तेव्हां द्रव तांबडा असण्याची गरजच नव्हती. तो पांढऱ्या पार्श्वभूमीवर पुरेसा काळा दिसला पाहिजे, आणि पाण्याशीं गांठ पडतांच एकदम विरून जातां कामा नये, एवढेंच काय तें हवें होतें. आपण रेडिओची मंडळी. म्हणून त्याच प्रसंगांतील आणखी एक गोष्ट सांगतों. सुरीचा वार अंगांत शिरल्याचा जो आवाज ऐकूं येतो, तो कासाबा जातीच्या खरबुजांत सुरी खुपसून काढलेला आहे. पडद्यावर जखम दिसतच नाहीं. अर्धें काम त्या फळानें केलें आहे.

रंगीत चित्रपटांत चॉकलेटनें भागत नाहीं. नुसत्या तांबड्या रंगानेंही भागत नाहीं, आणि घरीं रक्त करूं पाहणारे बहुतेक येथेंच फसतात. साखरेच्या पाकांत खाण्याचा तांबडा रंग मिसळला म्हणजे तयार होतें तें गुलाबाचें सरबत; त्याच्या आरपार दिसतें. खऱ्या रक्ताच्या आरपार दिसत नाहीं, कारण त्यांत कोट्यवधि पेशी तरंगत असून त्या प्रकाश अडवितात व विखुरतात. डिक स्मिथ या अमेरिकन रंगभूषाकारानें ही अडचण झिंक ऑक्साइडची पांढरी पूड थोडी मिसळून सोडविली. मक्यापासून केलेला साखरी पाक, तांबडा व पिवळा खाद्यरंग, ही पूड, पाक बुरसूं नये म्हणून एक परिरक्षक द्रव्य, आणि कापडावर व कातडीवर थेंब न गोळा होतां नीट पसरावा म्हणून छायाचित्रें धुण्याच्या कामीं येणारें फोटो-फ्लो नांवाचें द्रव्य, अशी त्याची कृति होती. पिवळा रंग नसला तर तांबड्याला गुलाबी झांक येते. ही कृति पुढें साऱ्या धंद्यांत पसरली. मात्र फोटो-फ्लो विषारी असल्यामुळें तें घातलेलें रक्त तोंडाजवळही नेऊं नये.

घरच्यासाठीं मी निराळीच कृति सुचवीन. एक वाटी साखरेचा एकतारी पाक करावा. तो पुन्हां साखरून जाऊं नये म्हणून त्यांत थोडें लिंबू पिळावें. पाक निवल्यावर चमचाभर कोको पाण्यांत कालवून घालावा. झिंक ऑक्साइडचें आरपार न दिसूं देण्याचें काम येथें कोको करतो व वर थोडा काळसरपणाही आणतो. मग तांबडा खाद्यरंग, आणि अखेरीस हिरव्या रंगाचा एकच थेंब. हें रक्त पोटांत गेलें तरी चिंता नाहीं. कपड्यांवरील डाग मात्र सहजासहजीं निघत नाहींत, ही सूचना घरांतील वडीलधाऱ्यांसाठीं.

डिक स्मिथचें नांव निघालेंच आहे, तर त्याच्याविषयीं आणखी थोडें सांगितलें पाहिजे. कारण आज घरोघर चाललेल्या या छंदाचा तो एका अर्थीं कुलगुरु आहे. त्याचा जन्म १९२२ चा. विद्यार्थिदशेंत रंगभूषेवरील एक पुस्तक हातीं लागलें आणि तो ही कला स्वतःच्या स्वतः शिकला. १९४५ सालीं अमेरिकेंतील एनबीसी या संस्थेच्या नव्या दूरचित्रवाणी विभागांत तो रंगभूषेचा प्रमुख झाला. या धंद्यांत तेव्हां गुपितें जपण्याची रीत होती. स्मिथनें उलट १९६५ सालीं मुलांसाठीं एक पुस्तिका काढली, आणि घरांत सांपडणाऱ्या सामानांतून राक्षस, भुतें व जखमा कशा कराव्या हें तींत छायाचित्रांसह उघड करून सांगितलें. मुलें त्याला पत्रें पाठवीत व तो उत्तरें देई. त्या मुलांपैकीं रिक बेकर पुढें ‘द एक्झॉर्सिस्ट’ या १९७३ च्या चित्रपटावर त्याचा मदतनीस झाला. रंगभूषेसाठीं ऑस्करचें स्वतंत्र पारितोषिक देण्याचें ठरल्यावर पहिला मान ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ या चित्रपटासाठीं याच बेकरला मिळाला. दुसरा एक पत्रलेखक जे. जे. एब्रॅम्स. त्याला स्मिथनें पेटींतून ‘द एक्झॉर्सिस्ट’साठीं केलेली एक खोटी जीभ पाठविली; तो आज प्रसिद्ध दिग्दर्शक आहे. वाटाण्याच्या साराचा मीं प्रारंभीं उल्लेख केला, तें याच चित्रपटांतील ओकारीचें. स्मिथ २०१४ सालीं निवर्तला.

आतां मुखवट्याकडे वळूं. जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोवीन’ या १९७८ च्या चित्रपटांत खुनी माणसाच्या चेहऱ्यावर एक पांढराफटक मुखवटा आहे. पैशाची चणचण असल्यामुळें टॉमी ली वॉलेस या कलानिर्देशकानें दुकानांतून दोन तयार मुखवटे आणले. एक होता रडव्या विदूषकाचा. दुसरा ‘स्टार ट्रेक’ मालिकेंतील कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा. विदूषक बाद झाला. कर्कच्या भिंवया व कल्ले काढून टाकले, डोळ्यांचीं भोकें मोठीं केलीं, केस विसकटले आणि सर्व चेहऱ्याला पांढरा रंग फासला. बस्स, इतकेंच. मला यांत सर्वांत मार्मिक गोष्ट वाटते ती ही कीं, येथें भर कांहींच घातली नाहीं. होतें तें काढून घेतलें. शिंगें, सुळे, रक्त यांपैकीं कांहीं नाहीं. ओळखीचा चेहरा, पण त्यावरील ओळख पुसलेली. मोठ्या केलेल्या भोकांमुळें डोळे सांवलींत जातात आणि समोरच्याला दोन काळे खळगे दिसतात. घरीं मुखवटा करणाऱ्यानें हा धडा घ्यावा. हौसेच्या भरांत जितकी सजावट चढवावी तितका मुखवटा केविलवाणा होत जातो.

असा मुखवटा रबराऐवजीं कागदाचा करतां येतो. आमच्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बाजूस बोहाड्याचीं सोंगें नाचतात, त्यांतही कागदाच्या लगद्याचे मुखवटे असतात. तेव्हां हें साधन आपल्याला परकें नाहीं. पालथ्या पातेल्यावर शाडूनें चेहरा घडवावा. नाक व गालांचीं हाडें खऱ्यापेक्षां थोडीं ठळक ठेवावीं, कारण कागदाच्या थरांखालीं उठाव बुजतात. शाडूवर व्हॅसलीन चोपडून मग मैद्याच्या खळींत भिजविलेले कागदाचे तुकडे बसवावे. कागद कात्रीनें कापूं नये, हातानें फाडावा. फाटलेल्या कडेचे तंतु शेजारच्या तुकड्यांत मिसळून जातात, कापलेली कड मात्र रंगाखालूनही रेघेसारखी दिसते. एक थर वर्तमानपत्राचा व एक कोऱ्या कागदाचा असे आलटून पालटून दिले म्हणजे कोठें थर राहिला तें ताबडतोब कळतें. सहा-सात थर पुरेत. पुस्तकें बांधणारे कारागीर कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालीत; तोंडावर चढविण्याच्या वस्तूंत तें विष नको. वाळण्यास दोन-तीन दिवस द्यावे. पावसाळ्यांत हें काम हातीं घेऊंच नये, कागदावर बुरशी धरते. रंग देतांना पांढऱ्यांत निळसर करड्याचा किंचित् हात असावा, व चकाकी मुळींच नसावी.

यापुढील पायरी सांचे घेण्याची, आणि येथें मात्र मला कठोर शब्दांत सांगणें भाग आहे. तुटलेल्या हाताची प्रतिकृति करावी असें प्रत्येकाला वाटतें. प्लॅस्टर ऑफ पॅरिस बाजारांत सहज मिळतें, त्यांत हात बुडवावा व ठसा घ्यावा असा मोह होतो. प्लॅस्टर पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतांना तापतें. पातळ थराची ऊब जाणवतेही, पण जाड गोळ्यांतील उष्णता बाहेर पडण्यास वाट नसते, व तोंवर हात आंत दगडांत चिणल्यासारखा झालेला असतो. इंग्लंडांत २००७ सालीं एका सोळा वर्षांच्या मुलीनें शाळेच्या कलावर्गांत असेच हात प्लॅस्टरमध्यें ठेवले. भाजल्यामुळें तिचीं बहुतेक बोटें कापावीं लागलीं. प्लॅस्टर आपण गणपतीमुळें इतकें ओळखीचें मानतों कीं, त्याच्यापासून अशी इजा होईल हें कोणाच्या स्वप्नांतही येत नाहीं.

मग हाताचा ठसा घ्यावा कशानें? दंतवैद्य जबड्याचा ठसा घेण्यासाठीं आल्जिनेट नांवाची पूड वापरतात. ती समुद्रांतील तपकिरी शेवाळापासून काढलेली असते. गार पाण्यांत कालवली कीं थोड्याच मिनिटांत ती तापल्यावांचून खरवसासारखी घट्ट होते व हात अलगद निघतो. त्या पोकळींत प्लॅस्टर ओतावें. आतां आंत बोटें नाहींत, तापेना कां बापडें! आल्जिनेटमधील पाणी उडूं लागलें कीं सांचा आकसतो, म्हणून ओतकाम त्याच दिवशीं उरकावें. चेहऱ्याचा ठसा मात्र घरीं घेऊंच नये. नाकपुड्या मोकळ्या राखणें, घाबरलेल्या माणसाला शांत ठेवणें, हें जाणत्याच्या देखरेखीखालीं शिकण्याचें काम आहे.

भीति कमी व कलाकुसर अधिक अशी एखादी वस्तु हवी असेल, तर ‘द ईव्हिल डेड’ या १९८१ च्या चित्रपटांतील पिशाचग्रंथ घ्यावा. टॉम सुलिव्हन यानें लॅटेक्सचें वेडेंवांकडें तोंड मुखपृष्ठावर बसवून व आंतील पानें हातानें रेखून तो ग्रंथ केला. घरीं लॅटेक्सची आवश्यकता नाहीं. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर कागदाच्या लगद्यानें नाक-डोळे उठवावे, त्यावर सरसांत भिजविलेला पातळ टिश्यू कागद सैल टाकून बोटांनीं सुरकुत्या पाडाव्या, वाळल्यावर तपकिरी रंग देऊन लगेच ओल्या फडक्यानें पुसावा. रंग सुरकुत्यांत राहतो, उंचवट्यावरून निघून जातो, आणि पुठ्ठा कातडें वाटूं लागतो. पानें चहाच्या पाण्यांत बुडवून वाळवावीं. जुनेपणा दाखवितांना लोक सर्वत्र सारखा मळ लावतात. पण पुस्तक हाताळलें जातें तें पानाच्या खालच्या कोपऱ्याशीं. झिजतात त्या कडा व पाठीचा कणा. वस्तु कोणी, कशी, किती वर्षें वापरली असेल याची मनाशीं एक कथा रचावी आणि मगच ब्रश हातीं घ्यावा.

शस्त्रांविषयीं थोडक्यांत. चित्रपटांत एकाच वस्तूचे अनेक नमुने करतात. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या १९८४ च्या चित्रपटांतील पात्यांचा हातमोजाही जवळून दाखविण्याचा वेगळा व झटापटीचा बोथट वेगळा होता. घरच्या माणसानें नेहमीं झटापटीच्याच नमुन्याची नक्कल करावी. पुठ्ठ्याचें पातें, त्यावर चंदेरी रंग, पुरे आहे. आणि तेंही पिशवींत झांकून न्यावें. रस्त्यावरील माणसाला किंवा पोलिसाला तें पुठ्ठ्याचें आहे हें दुरून कळत नाहीं.

मूळ वस्तु फार काळ टिकत नाहींत. लॅटेक्स हवेनें व उजेडानें पिवळें पडतें, कडक होतें, शेवटीं तुकडे पडतात. १९८१ च्या ‘हॅलोवीन’च्या दुसऱ्या भागांत तोच जुना मुखवटा वापरला, तेव्हांच तो पिवळट झाला होता. त्यामुळें प्रतिकृति करणाऱ्यांत १९७८ चा कीं १९८१ चा, असा वाद चालतो, आणि तो दिसतो तितका पोरकट नाहीं. मूळ नाहींसें झालें कीं माहितगारानें काळजीपूर्वक केलेली नक्कल हाच उरलेला पुरावा. म्हणूनच नक्कल करणाऱ्यानें वस्तूच्या आंतल्या बाजूस आपलें नांव व सन न पुसणाऱ्या शाईनें लिहावा. मूळ वस्तूंना लिलावांत मोठ्या किमती येतात, आणि आज हौसेनें दिलेली भेट उद्यां अस्सल म्हणून कोणाच्या तरी गळ्यांत मारली जाऊं शकते.

आतां त्या वीजसामानाचें. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्यें प्रयोगशाळेंत ठिणग्यांचे लोळ उठतात. तीं यंत्रें केनेथ स्ट्रिकफाडन यानें तयार केलीं होतीं. त्यांची नक्कल कोणीही घरीं करूं नये. मायक्रोवेव्ह भट्टींतील रोहित्र काढून असले उच्च दाबाचे खेळ करणारे लोक प्राणास मुकले आहेत. बॅटरीवरचे लुकलुकणारे दिवे, जुनी बटणें व बरण्या यांवर समाधान मानावें. स्ट्रिकफाडननें आपलीं यंत्रें मोडीत घातलीं नाहींत. १९७४ सालीं मेल ब्रूक्सनें ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ हें विडंबन काढलें, तेव्हां तीं त्याच्या घरच्या गॅरेजमध्यें जशींच्या तशीं मिळालीं व पुन्हां कामास लागलीं. १९३१ च्या चित्रपटाच्या श्रेयनामावलींत त्याचें नांव नव्हतें. त्रेचाळीस वर्षांनंतरच्या या चित्रपटांत तें घालण्यांत आलें.