भयातला भरवसा (लेखांक ६) : विठू न आलेले घर

गेल्या आठवड्यात दामाजीपंतांची कथा पाहिली. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे उघडली, रयत जगली आणि विठू महाराच्या रूपात पांडुरंगाने बिदरच्या दरबारी धान्याची रक्कम चुकती केली. कीर्तनात ही कथा लागली की आजही माणसे सावरून बसतात. पण जिथे विठू आलाच नाही, त्या घरांचे काय? हा प्रश्न टाळून भरवशावर लेखमाला लिहिणे मला तरी अप्रामाणिक वाटते. म्हणून आज देहूला, तुकोबांच्या घरी जाऊ.

१६३० साली दख्खनेत आणि गुजरातेत पावसाने पाठ फिरवली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवराय जन्मले होते. निजामशाही बुडवायला निघालेला शाहजहान बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता आणि पुण्यावर आदिलशाहीच्या मुरार जगदेवाचा हात फिरत होता. नुसता दुष्काळ एक वेळ सोसतो. दुष्काळात लष्कर फिरू लागले की शेतकऱ्याकडे उरलेसुरलेही राहत नाही. शाहजहानच्या दरबाराचा इतिहास लिहिणारा अब्दुल हमीद लाहोरी सांगतो, की मेलेल्यांच्या हाडांची पूड पिठात मिसळून विकली जात होती. बादशहाने लंगर उघडले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये वाटायला लावले. देहू त्याच्या मुलखात नव्हते.

१६०८ हे जन्मसाल धरले तर तुकोबा तेव्हा बाविशीचे. घर खाऊनपिऊन सुखी, वाण्याचा व्यापार, गावची महाजनकी, सावकारी. आईवडील आधीच गेले होते. वहिनी गेली, थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन तीर्थांना निघून गेला. सगळा भार या मधल्या भावावर. त्यात दुष्काळाने धंदा बसला, गावात पत गेली. पहिली बायको रखमाबाई दम्याने आधीच खंगलेली, ती अन्नावाचून गेली. तिच्यामागे मुलगा संतूही गेला, असे परंपरा सांगते. स्वतःच्या अभंगांत तुकोबांनी हे मोजक्या शब्दांत, जवळजवळ जबाब दिल्यासारखे नोंदवून ठेवले आहे. देवाने वाचवले, असे त्यात कुठेही नाही. उलट बरे झाले दिवाळे निघाले, असा त्या कबुलीचा सूर. तो पहिल्यांदा वाचणाऱ्याला बोचतो. बोचलाच पाहिजे.

महिपतीच्या चरित्रानुसार तुकोबा सगळे सोडून डोंगरावर गेले. धाकटा भाऊ कान्होबा शोधत आला. परतताना इंद्रायणीकाठी तुकोबांनी कर्जखते मागवली. खत म्हणजे कुळाचे नाव, मुद्दल, व्याज, साक्ष. दुष्काळानंतरच्या त्या वर्षी प्रत्येक खतामागे अर्धमेले एक घर असणार. सावकाराला धाक, पैसा बुडेल; कुळाला धाक, दारात माणूस येईल. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपला नदीत सोडला.

आपण नदी लक्षात ठेवतो, वाटणी विसरतो. मला वाटणीच मोठी वाटते. देवावर हवाला टाकायचा तर तो आपल्या हिश्शाचा. भावाच्या पोटाचा सौदा आपण करायचा नाही. घरदार गहाण टाकून ‘देव बघून घेईल’ म्हणणाऱ्याला तुकोबांचे नाव घेण्याचा अधिकार नाही, तो या एका वाटणीमुळे. अर्थात दुसऱ्या बायकोला, आवलीला, विचारून खते बुडवली होती का, हा प्रश्न राहतोच. भरवसा तुकोबांचा आणि रिकामी चूल तिची, हे कीर्तनकार हसत हसत सांगतात. भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढणारी आणि वाटभर विठ्ठलाला शिव्या देणारी ती बाई मला हास्यास्पद वाटत नाही. तिच्याशिवाय गाथेचा हिशेब पुरा होत नाही.

मग या माणसाचा भरवसा नेमका कशावर होता? पाऊस पडेल यावर नाही, पोर जगेल यावरही नाही. ती वेळ निघून गेली होती. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात चालत आलेले विठ्ठलाचे देऊळ पडायला आले होते, ते त्यांनी स्वतः राबून उभे केले. संतांची वचने पाठ केली, एकादशीला कीर्तनाला उभे राहू लागले. हाताला काम, जिभेला शब्द. भीती जायची वाट पाहत ते बसले नाहीत. आणि ती गेली, असा दावाही नाही. मनाची तगमग, रोजची झुंज, देव आहे की नाही इथपर्यंत गेलेली शंका, सगळे त्यांनी लिहून ठेवले. शंका आली म्हणजे श्रद्धा कच्ची, असे आपल्याला पढवतात. गाथेतली सगळी भांडणे काढून टाकली तर ती किती बारीक होईल, याचा असे पढवणाऱ्यांनी विचार करावा.

पुढे वाघोलीचे पंडित रामेश्वरभट यांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्याच इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. खते बुडवताना हात कचरला नव्हता. या वेळी मात्र ते अन्नपाणी सोडून शिळेवर बसले. तेरा दिवस. त्या वेळचे म्हणून जे अभंग सांगतात, त्यांत देवाला थेट जाब विचारला आहे. वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. चमत्कार मानायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पण वह्या मिळाल्यानंतरचे अभंग जरूर काढून वाचा. त्यांत विजयाचा मागमूस नाही. आपण हट्ट धरला, कागदांसाठी देवाला पाण्यात उभे केले, याची लाज आहे. पुन्हा असे करणार नाही, अशी माफी आहे.

हेच तुकोबा गुरू म्हणून जिने स्वप्नात पाहिले आणि त्यापायी घरात मार खाल्ला, त्या शिऊरच्या बहिणाबाई पुढच्या लेखांकात.