दोन ग्रीक शब्दांचा वाद

पनवेलमध्ये बेने इस्रायल समाजाचे 1849 साली बांधलेले ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर आहे. योम किप्पूर, म्हणजे यहुद्यांचा वर्षातला सर्वांत कडक उपास. त्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत ‘लेवीय’ ग्रंथाचा अठरावा अध्याय वाचण्याची जुनी परंपरा आहे. कोणाकोणाशी शरीरसंबंध वर्ज्य, याची ती यादी. आणि तिच्यात पुरुषाने पुरुषाशी निजू नये, हेही आलेच. हाच ग्रंथ ख्रिस्ती बायबलच्या ‘जुन्या करारा’त आहे. साहजिकच वचन दोघांचे, वादही दोघांचा.

मौज अशी की, सबंध बायबलमध्ये या विषयाची वचने बोटांवर मोजण्याइतकी आहेत. सदोम नगरीची गोष्ट त्यांत गाजलेली. पण तिथला जमाव पाहुण्यांवर बळजबरी करायला आला होता. आणि यहेज्केल संदेष्ट्याने सदोमचे पाप सांगितले ते गर्व, अन्नाची सुबत्ता आणि तरीही गरिबाला हात न देणे, असे. डेरिक शर्विन बेली या इंग्रज धर्मपंडिताने 1955 मध्ये या कथेच्या रूढ अर्थालाच आव्हान दिले.

खरी मेख आहे ती पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात. देवाच्या राज्याला मुकणाऱ्यांत त्याने ‘मालाकोई’ आणि ‘आर्सेनोकोइताई’ यांना बसवले. पहिल्याचा शब्दशः अर्थ ‘मऊ’. दुसरा पौलाच्या आधी कुठे सापडत नाही. 1946 च्या ‘रिव्हाइज्ड स्टँडर्ड’ या इंग्रजी भाषांतराने दोन्ही शब्द एकत्र करून ‘होमोसेक्शुअल्स’ असे छापले. मुळात हा शब्दच 1869 नंतरचा! 1971 मध्ये तो काढला गेला. पण मधल्या पंचवीस वर्षांत किती घरांत तो ‘देवाचा शब्द’ म्हणून ऐकवला गेला असेल?

जॉन बॉसवेल यांनी 1980 मध्ये दुसरा शब्द पुरुषवेश्यांपुरता मर्यादित केला. रॉबिन स्क्रॉग्ज यांना त्या काळची, कोवळ्या मुलांना भोगण्याची चाल पौलासमोर दिसली. 2001 मध्ये रॉबर्ट गॅग्नन यांनी निषेध सरसकटच आहे, असे ठासून मांडले. मला स्वतःला बॉसवेल भाषेच्या कसोटीवर तोकडे वाटतात. ‘लेवीया’च्या जुन्या ग्रीक भाषांतरात ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ हे दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत. पौलाचा शब्द त्यांतूनच घडला असावा. मात्र दोन समवयस्कांचे राजीखुशीचे सहजीवन त्याच्या डोळ्यांसमोर होते का, हे व्याकरण सांगू शकत नाही.

आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेतील कलम 377 मधली ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ ही भाषा पौलाच्या रोमकरांस पत्राची आठवण करून देते. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. कोर्टाचे भय गेले. पण मुलाने धीर करून आईला काही सांगितले आणि तिने कपाटातले बायबल काढले, तर तिच्या हाती येते ते भाषांतर, त्यामागचा वाद नव्हे.

यहुद्यांकडेही हाच पेच आहे. 2006 च्या डिसेंबरात अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीने त्याच वचनावर परस्परविरोधी निर्णय एकाच दिवशी ग्राह्य धरले, आणि कोणता पाळायचा ते ज्या त्या रब्बीवर सोडून दिले.