बोटांना पाठ झालेला वर्डस्टार

गेल्या वर्षी गणपतीनंतर एक बाई माझ्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांचा पीएच.डी.चा इंग्रजी प्रबंध मी १९९० साली पुण्यात टाइप केला होता. घरातल्या छापील प्रतीला वाळवी लागली. सव्वापाच इंची फ्लॉपी मात्र कपाटात तशीच राहिली होती आणि कुणाकडून तरी त्यांनी तिच्यातली फाइल काढून आणली होती. उघडल्यावर दिसले ते असे, की जवळपास दर शब्दाचे शेवटचे अक्षर बिघडलेले. इंग्रजी ‘अँड’मधल्या शेवटच्या डीच्या जागी डोक्यावर दोन टिंबे दिलेला ए. “फाइल कुजली का हो?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “कुजली नाही. ही वर्डस्टारची फाइल आहे, ती अशीच असते.”

असे का असते हे सांगायला बसले आणि पाहता पाहता माझी डावी करंगळी टेबलावर आपोआप डावीकडे सरकली. तीस-पस्तीस वर्षांनंतरही. ती का सरकते, हे सांगण्यासाठी हा लेख.

वर्डस्टार हा प्रोग्रॅम १९७८ साली मायक्रोप्रो इंटरनॅशनल या अमेरिकन कंपनीने आणला. कंपनी सीमोर रुबिनस्टाइन यांची आणि प्रोग्रॅम लिहिणारे रॉब बार्नबी. तो आधी सीपी/एम या प्रणालीवर चाले, पुढे डॉसवर आला. मी शिकले ती ३.३ ही आवृत्ती, १९८८ साली, दोन महिन्यांच्या वर्गात. इंग्रजी टायपिंगची ४० शब्दांची सरकारी परीक्षा पास झाले होते आणि ‘आता कॉम्प्युटर शिकल्याशिवाय कुणी विचारणार नाही’ असे घरात रोज ऐकत होते.

तेव्हा माउस नव्हता. वर्डस्टार लिहिला गेला त्या काळात बऱ्याच टर्मिनलांवर बाणाच्या कळाही नसत, असल्या तर प्रत्येकावर वेगळ्या जागी. सगळीकडे भरवशाने सापडणारी गोष्ट एकच, कंट्रोल कळ. तिचे काम अगदी साधे हिशेबाचे आहे. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. मोठ्या एसचा ८३. कंट्रोल दाबून एस दाबले की त्यातून ६४ वजा होतात आणि १९ हा क्रमांक जातो, जो कागदावर उमटणारे अक्षर नाही, तर हुकूम आहे. या पद्धतीने इंग्रजी अक्षरांपुरते २६ हुकूम मिळतात. त्यातलेही काही आधीच खर्ची पडलेले. कंट्रोल-एच म्हणजेच बॅकस्पेस, कंट्रोल-आय म्हणजेच टॅब, कंट्रोल-एम म्हणजेच एंटर.

उरलेल्या अक्षरांची वाटणी बार्नबींनी कशी केली, ते मला आजही शहाणपणाचे वाटते. सर्वांत जास्त लागणारे हुकूम त्यांनी नावावरून नव्हे, जागेवरून ठरवले. ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. कळफलकावर या चार कळांची चौकट होते आणि कर्सर त्या त्या दिशेला जातो. एसच्या पलीकडचा ए एक शब्द डावीकडे नेतो, डीच्या पलीकडचा एफ एक शब्द उजवीकडे. ईच्या शेजारचा आर एक पडदा वर, एक्सच्या शेजारचा सी एक पडदा खाली. मधल्या कळा थोडे नेतात, कडेच्या जास्त. पाठ करावे लागतच नाही, हाताला कळते.

एवढ्याने २६ अक्षरे पुरेनात. मग काही अक्षरे नुसती दारे झाली. आत गेल्यावर दुसरे अक्षर दाबायचे. के हे दार मजकुराच्या तुकड्यांचे आणि फाइल जपण्याचे. के-बीने तुकडा सुरू, के-केने संपला, के-व्हीने हलवा, के-सीने नक्कल, के-डीने जपून बाहेर. क्यू म्हणजे झटपट, त्यामुळे क्यू-एसने ओळीच्या सुरुवातीला, क्यू-डीने शेवटाला. चौकट तीच, फक्त उडी मोठी. पी छपाईचे, ओ पडद्यावरच्या मांडणीचे. इथे मात्र जागा आणि नाव यांची सरमिसळ झाली आहे, आणि आमच्या वर्गातली सगळी रडारड याच टप्प्यावर सुरू झाली.

शिकणाऱ्यासाठी पडद्याच्या वरच्या भागात हुकुमांची यादी दिसे. पंचवीस ओळींच्या पडद्यातला बराच भाग ती खाई. सरावल्यावर कंट्रोल-जे-एचने मदतीची पातळी तीनवरून शून्यावर आणता येई. पण मला आवडलेली खुबी वेगळीच होती. कंट्रोल-के दाबून तुम्ही थबकलात, तरच के दाराच्या आतली यादी पडद्यावर येई. दुसरे अक्षर लगेच दाबलेत तर यादी न येता काम होऊन जाई. म्हणजे जो अडतो त्याच्यासाठी प्रोग्रॅम क्षणभर थांबून सांगत होता आणि ज्याला येते त्याच्या वाटेत येत नव्हता. पाठांतराची वही मी आठवड्यात बंद केली. ज्या हुकुमाला यादी दिसायची बंद झाली, तो आपल्याला आला, एवढेच माप.

अर्थात हे सगळे इंग्रजी टंकलेखन आलेल्यांना. आमच्या वर्गात एक काकू होत्या. सरकारी कचेरीत गोदरेजच्या मराठी यंत्रावर पंधरा वर्षे काम केलेल्या. मजकुराकडे न बघता तासन्‌तास टाइप करत. त्यांच्या बोटाला कळ माहीत होती, पण तिच्यावरच्या मराठी अक्षराने. ‘एस दाबा’ म्हटले की त्या कळफलकावर एस शोधत बसत. “अगं, माझी बोटं मराठीत पळतात, इंग्रजीत लंगडतात,” असे म्हणून हसत. पण दुसऱ्या महिन्यात यायच्या बंद झाल्या. बार्नबींची चौकट सोपी होती, पण कोणासाठी सोपी, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवरच्या इंग्रजी प्रोग्रॅममध्ये देवनागरी आली, पण हुकूम इंग्रजी अक्षरांचेच राहिले.

मला नोकरी लागली ती प्रबंध टाइप करून देणाऱ्या एका दुकानात, आणि तिथे पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. वर्गातल्या जुन्या कळफलकावर कंट्रोल ही एच्या लगत डावीकडे होती. करंगळी एक घर सरकवली की झाले. आयबीएमने १९८६च्या सुमारास १०१ कळांचा कळफलक रूढ केला, त्यात कंट्रोल खालच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्या जागी कॅप्स लॉक आली. दुकानात नवा कळफलक होता. कर्सर हलवायला जावे तर मजकुरात मोठे एस आणि डी उमटत. ती सवय मोडायला मला महिना लागला, आणि पूर्ण मोडली नाही हे तुम्ही वर वाचलेच.

खोडण्याच्या कळांनी जास्त रडवले. जीने एक अक्षर, टीने एक शब्द, वायने अख्खी ओळ. टी आणि वाय शेजारी आहेत. एक शब्द खोडायला जावे आणि ओळ नाहीशी व्हावी, हे रोजचे. ३.३मध्ये खोडलेले परत आणण्याची सोय नव्हती. दुरुस्ती केल्यावर परिच्छेद आपोआप नीट बसत नसे, कंट्रोल-बी दाबून बसवावा लागे.

आणि ती रात्र. फ्लॉपीची जागा ३६० किलोबाइट. वर्डस्टार फाइल जपताना जुनी प्रत ‘बॅक’ अशा शेपटीने मागे ठेवतो, म्हणजे तेवढी जागा दुप्पट लागते. दुसऱ्या दिवशी बाइंडिंगला द्यायचे प्रकरण, रात्रीचे साडेदहा, के-डी दाबले आणि पडद्यावर आले, डिस्क भरली. मला काही सुचेना. मी मशीन बंद केले. सहा पाने गेली. सकाळी शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी सांगितले, “कंट्रोल-के-जे दाबायचं गं. आतूनच दुसऱ्या फाइलची जुनी बॅक काढून टाकायची आणि मग जपायचं.” ती पाने मी दुपारपर्यंत पुन्हा टाइप केली. के-जे त्यानंतर विसरले नाही.

आता त्या बिघडलेल्या अक्षरांचे. इंग्रजी अक्षरे, आकडे, चिन्हे मिळून क्रमांक १२७पर्यंत संपतात. साठवणीच्या एका घरात मात्र २५५पर्यंत मावते. ही वरची रिकामी जागा वर्डस्टारने खुणांसाठी वापरली. शब्द संपला की शेवटच्या अक्षरात १२८ मिळवायचे. ओळ टाइप करणाऱ्याने एंटर दाबून तोडली की प्रोग्रॅमने आपली आपण, हेही याच युक्तीने लक्षात ठेवायचे, म्हणजे कंट्रोल-बीला पुन्हा जुळवणी करता येते. डीचा १०० झाला २२८, आणि आजच्या यंत्राच्या लेखी २२८ म्हणजे दोन टिंबांचा ए. गंमत अशी की भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाण ठरलेल्या इस्की संकेतानेही देवनागरीला हीच वरची जागा दिली. एकाच घरावर दोघांचा हक्क.

उपाय सोपा. १२७च्या वरच्या प्रत्येक क्रमांकातून १२८ वजा करायचे. भाच्याने दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिला. तो म्हणाला, “मावशी, कॉलेजात टर्बो सी शिकलो तेव्हा के-बी, के-के आम्हालाही होतं की!” खरेच होते. बोरलँडने १९८३मध्ये टर्बो पास्कल काढले तेव्हापासून त्यांच्या संपादकात वर्डस्टारचेच हुकूम होते. वर्डस्टार कधी न पाहिलेली मुले त्याच्या कळा शिकली.

फाइल साफ झाली. त्या बाई शेजारी बसून वाचत होत्या. मधूनमधून टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी येत होत्या. टिंब-पीए म्हणजे नवे पान. त्या छापल्या जात नाहीत, छापणाऱ्याला सांगण्यापुरत्या असतात. चौथ्या प्रकरणात एक ओळ दोन टिंबांनी सुरू झाली होती. दोन टिंबे म्हणजे टाइप करणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेली टीप, कागदावर न येणारी. माझ्याच मोडक्या इंग्रजीत लिहिले होते, की या तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीचा आकडा सरांना विचारणे.

“मग विचारला होतात का?” बाईंनी विचारले.

मला आठवेना. आम्ही तो तक्ता उघडून तिसऱ्या ओळीची बेरीज करायला बसलो.